रोहा ते चिनाब : कोकण रेल्वेची वाटचाल

भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली पूर्ण झाला. आगगाडी सह्याद्री चढून देशावर गेली, तिथून कापसाच्या मुलखात, मद्रासेला जाऊन भिडली. त्याच सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या कोकणाला मात्र रुळांसाठी त्यानंतर एकशे पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या ज्या रत्नागिरी जिल्ह्याच्या घामावर चालल्या, तिथला चाकरमानी आधी बोटीने आणि बोटी आटल्यावर रात्रभर एसटीत अंग आंबवून गणपतीला गावी जात राहिला. इंग्रज सरकारला कोकणातून वाहून न्यावा असा माल दिसला नाही, आणि जो भूगोल दिसला तो इंजिनियरची छाती दडपवणारा होता.

हा भूगोल नीट समजून घ्यायला हवा, कारण या संस्थेची पुढची सगळी कथा त्यातूनच निघते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. तेवढ्या जागेत डोंगराच्या सोंडा एकापाठोपाठ एक पश्चिमेकडे उतरतात. दोन सोंडांमध्ये एक नदी आणि नदीच्या तोंडाशी खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, तेरेखोल, मांडवी, जुवारी, काळी, शरावती. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला यातली प्रत्येक नदी आणि तिच्या दोन्ही अंगाचे डोंगर ओलांडावेच लागतात. भोर घाट एकदा चढला की पठार लागते. कोकणात चढ-उतार संपतच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मागणी जोर धरू लागली. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत ती लावून धरली. त्यांच्या पश्चात राजापूरचे खासदार झालेले मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्रीही झाले. तरी दिव्याहून पनवेलमार्गे निघालेला रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडले आणि तिथेच तो थांबला. अडचण पैशाची होती. नियोजनाच्या हिशेबात कोकणचा क्रमांक कधीच वर येत नव्हता.

कोंडी फुटली ती १९८९च्या अखेरीस. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री आणि उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. तिघेही या किनाऱ्याशी बांधलेले. अर्थसंकल्पातून पैसे मिळत नाहीत ना, मग स्वतंत्र कंपनी काढू, असा मार्ग निघाला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा लोकांकडून रोख्यांच्या रूपाने उभा करायचा, मार्ग बांधायचा, चालवायचा आणि उत्पन्नातून कर्ज फेडायचे. रेल्वे बोर्डातून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. मुख्यालय बेलापूरला. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली.

त्यानंतरची सात-साडेसात वर्षे अचाट होती. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याच्या हवाली केला. निर्णय जागेवरच होऊ लागले. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीलाच एक कठोर नियम घालून घेतला. चढ दीडशेला एकपेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको. भोर घाटात हाच चढ सदतीसला एक आहे आणि तिथे गाडीला मागून आजही जादा इंजिने लावावी लागतात. कोकणात तसे करायचे नव्हते; ताशी १६० किलोमीटर वेग पेलेल असा सरळ मार्ग हवा होता. सरळ जायचे तर डोंगर आला की पोखरायचा आणि दरी आली की पूल टाकायचा. म्हणूनच या एका मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यांची एकत्रित लांबी ८० किलोमीटरहून जास्त आहे आणि लहान-मोठे पूल दोन हजारांच्या घरात जातात.

रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब. या सगळ्यांत मला सर्वांत देखणे वाटते ते पानवलचे काम. खोल दरी, त्यात ६४ मीटर उंचीचे खांब. इतक्या उंचीवर खालून मचाण बांधून पूल ओतणे परवडणारे नव्हते. तेव्हा पुलाचा काँक्रीटचा तुकडा काठावर ओतायचा, तो सुकला की जॅकने रेटून दरीवर पुढे सरकवायचा, त्याच्या मागे पुढचा तुकडा ओतायचा, पुन्हा रेटायचे, अशी रीत इथे देशात पहिल्यांदा वापरली गेली. ४२४ मीटरचा पूल असा वीत-वीत पुढे सरकत पलीकडच्या डोंगराला टेकला. पुढे कित्येक वर्षे भारतातला सर्वांत उंच रेल्वेपूल म्हणून तो ओळखला गेला.

कठीण खडकातले बोगदे काढायला स्वीडनहून यंत्रे आणली होती आणि काळ्या पाषाणात ती उत्तम चालली. जीव घेतला तो मऊ मातीने. कोकणात वर जांभा असतो. उन्हात कडक, घरे बांधायला उत्तम. त्या जांभ्याखाली मात्र अनेक ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो आणि पावसाळ्यात वरून मुरलेले पाणी त्यात साठून राहते. गोव्यात पेडण्याला सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा याच मातीतून काढायचा होता. इथे सुरुंग निरुपयोगी आणि यंत्रही निरुपयोगी. हाताने थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा. तेवढ्यात छतातून पाणी आणि चिखल एकदम खाली यायचा आणि महिन्याचे काम एका रात्रीत बुजून जायचे. कामगार गाडले गेले. बाकी सगळा मार्ग तयार होऊन गाड्या दोन्ही बाजूंना येऊन थांबल्या होत्या, फक्त पेडणे उरले होते. तो बोगदा जानेवारी १९९८ मध्ये पार पडला आणि २६ जानेवारीला संपूर्ण मार्गावरून गाडी गेली. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मार्ग देशाला अर्पण केला.

या बांधकामात प्राण गमावलेल्या कामगारांसाठी रत्नागिरी स्थानकात श्रमशक्ती स्मारक आहे. गाडी तिथे थांबते तेव्हा उतरून पाहावे, अशी माझी प्रत्येक प्रवाशाला विनंती आहे. त्यांच्यातले बहुतेक कोकणातले नव्हतेच. काम मिळेल तिथे जाणारी देशाच्या दूरदूरच्या भागांतली माणसे होती. त्यांनी काढलेल्या बोगद्यांतून आपण झोपेत जातो.

गोव्यातला वादही नोंदवला पाहिजे. खाडीकाठच्या खाजण जमिनी, जुन्या गोव्याची चर्चेस आणि दाट वस्ती यांना धक्का लागू नये म्हणून मार्ग आत, डोंगराच्या बाजूने न्यावा, अशी मोठी चळवळ तिथे झाली. काम थांबले, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला आणि अखेर आखणी जवळजवळ तशीच राहिली. चळवळ करणारे विकासाचे वैरी होते असे तेव्हा सरसकट म्हटले गेले. ते अन्यायाचे होते. खाजणातल्या पाण्याच्या वाटा तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक होत्या आणि पाणी अडले की काय होते, हे रेल्वेलाही पुढे स्वतःच्या भरावांवर शिकावे लागले.

माझ्या मते संस्था म्हणून कोकण रेल्वे घडली ती उद्घाटनानंतर, आणि तीही फार मोठी किंमत मोजून. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळली होती. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी त्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. वर्ष पुरे होते न होते तोच, १६ जून २००४ रोजी महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. दोन्ही वेळा पावसाळ्याची सुरुवात, दोन्ही वेळा कटिंग. डोंगर कापताना उतार उभे ठेवले होते. पाच-सहा पावसाळे त्यांनी कसेबसे सोसले आणि मग ते सुटू लागले.

त्यानंतर जे काम सुरू झाले त्याला भूसुरक्षेची कामे म्हणतात. त्याचे फोटो छापून येत नाहीत. उभे उतार मागे घेऊन पायऱ्या-पायऱ्यांचे केले. सुटे दगड आधीच पाडून टाकले. जे पाडता येत नाहीत त्यांच्यावर पोलादी जाळ्या ओढल्या, खडकात लांब सळया रोवून तो मागच्या खडकाशी शिवला, वरून काँक्रीटचा फवारा मारला. कटिंगच्या डोक्यावर गटारे काढली, म्हणजे डोंगरावरचे पाणी उतारावर न येता बाजूने जाते. मातीच्या उतारांवर वाळा लावला. त्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसली. काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्याला टेकली की इशारा देणारी यंत्रणा आली, पानवलसारख्या उघड्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी साधने आली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लागू झाले आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, हा नियम पक्का झाला. गाडी उशिरा पोचते म्हणून पावसाळ्यात चरफडणाऱ्यांनी तो नियम कशातून आला हे लक्षात ठेवावे.

आणि यंत्रांच्या जोडीला माणसे आहेत. दर पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे या मार्गावर रात्रंदिवस गस्त घालतात. दरडीच्या जागी चोवीस तास पहारा असतो. गस्तवाल्याच्या अंगावर रेनकोट, हातात दिवा, पिशवीत लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके. तो चालताना रुळाकडे जितके पाहतो तितकेच गटाराच्या पाण्याकडे पाहतो. कटिंगवरून उतरणारे पाणी पाऊस पडूनही स्वच्छ असेल तर डोंगर शांत आहे. तेच पाणी अचानक गढूळ झाले, तांबडे आले, तर वर कुठेतरी माती सुटायला लागली आहे. कालपर्यंत सरळ उभे असलेले झाड रुळाच्या बाजूला झुकले असेल, उताराच्या माथ्यावर बोटभर भेग दिसत असेल, कोरड्या जागी नवा झरा फुटला असेल, तर तो थांबतो. मार्गावर साधारण दर किलोमीटरला संपर्काची जोडणी आहे, तिथून स्टेशनमास्तरला खबर जाते आणि पुढची गाडी आधीच्या स्थानकात उभी राहते. आतल्या प्रवाशाला वाटते, क्रॉसिंगला थांबली असेल.

एवढे करूनही डोंगर ऐकतोच असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या त्याच बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये तिथे चिखलपाणी उसळून गाड्या बंद पडल्या आणि त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला माती रुळावर आली. त्या वेळी गाड्या रखडल्या, माणसे स्थानकांवर हाल काढत बसली, पण कोणाचा जीव गेला नाही. २००३ आणि २०२४ यांच्यामध्ये ही संस्था काय शिकली, ते या फरकात दिसते.

मधल्या काळात इतरही बरेच झाले. १९९९ पासून कोलाडहून भरलेले ट्रक सपाट डब्यांवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. ती कल्पक आणि उपयोगी, घाटरस्त्यावरचा ताण हलका करणारी. गाड्यांची टक्कर टाळणारे उपकरण बनवण्याचे प्रयोग झाले. मडगावला उंच रुळाखाली लटकून धावणाऱ्या स्कायबसची चाचणी झाली, २००४ साली तिला अपघात झाला आणि तो प्रकल्प पुढे गुंडाळला गेला. नेपाळला डेमू गाड्या पुरवल्या. रोहा-वीर टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला, २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले.

पण कोकणात कमावलेल्या विद्येची खरी कसोटी लागली ती कोकणापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर, जम्मू-काश्मीरात.

त्या प्रांताची कथा कोकणाशी विलक्षण जुळते. महाराजा प्रतापसिंहांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काश्मीर खोऱ्यात रेल्वे नेण्याचा विचार झाला होता. जम्मूला १८९० मध्ये सियालकोटकडून रूळ आले होते. फाळणीत तेही तुटले. पठाणकोटहून जम्मूला पुन्हा गाडी पोचायला १९७२ उजाडले. खोऱ्याला जगाशी जोडणारा एकच महामार्ग, आणि तो रामबनच्या दरडींनी नाहीतर बनिहालच्या बर्फाने वारंवार बंद. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा मार्ग २००२ साली राष्ट्रीय प्रकल्प ठरला. यातला सर्वांत बिकट टप्पा कटरा ते बनिहाल, १११ किलोमीटर. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर बोगद्यांत. या टप्प्याच्या कटऱ्याकडच्या भागाचे काम कोकण रेल्वेकडे आले.

हिमालय सह्याद्रीपेक्षा फार तरुण. सह्याद्रीचा काळा पाषाण जुना आणि बसलेला. रियासी जिल्ह्यातला खडक भेगाळ, ठिकठिकाणी चुरडलेला, भूकंपाच्या पट्ट्यातला. ज्या ठिकाणी पूल बांधायचा तिथे जायला रस्ताच नव्हता. सुरुवातीला माणसे पायी आणि खेचरांवरून जात. आधी डोंगरात शेकडो फेऱ्यांनी चढणारे रस्ते कापावे लागले, मग यंत्रे पोचली. त्या रस्त्यांनी वाटेतल्या अनेक वाड्या-वस्त्यांना पहिल्यांदा गाडीरस्ता मिळाला. पुलाच्या आधी झालेले हे काम मला तितकेच मोलाचे वाटते.

बक्कल आणि कौरी या दोन काठांमध्ये चिनाबवर कमान टाकायची होती. २००४ मध्ये काम सुरू झाले आणि २००८ मध्ये थांबले, कारण आखणीवरच प्रश्न उभा राहिला. आक्षेप घेणाऱ्यांत सर्वांत वजनदार आवाज होता श्रीधरन यांचा, म्हणजे याच संस्थेच्या पहिल्या प्रमुखाचा. डोंगराच्या अंगाअंगाने जाणारा हा मार्ग अशा अस्थिर उतारांवर टिकणार नाही, लांब बोगदे काढून सरळ जावे, असे त्यांचे म्हणणे होते. तज्ज्ञ समिती बसली, अखेर मूळ आखणी कायम राहून २०१० मध्ये काम पुन्हा सुरू झाले. या वादात दोन वर्षे गेली खरी, पण ती वाया गेली असे मी मानत नाही. उतारांचा अभ्यास त्यानंतर ज्या खोलीने झाला, तो या आक्षेपांमुळेच.

त्या अभ्यासात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता यांचा वाटा मोठा आहे. सतरा वर्षे त्या या कामाच्या भूतांत्रिक सल्लागार होत्या. आधी कागदावर सगळे ठरवून मग खणायचे, ही पद्धत इथे चालत नव्हती. खणले की आत वेगळाच खडक निघे, भेगांची दिशा बदलली की गणित बदले. म्हणून खणायचे, पाहायचे, आराखडा बदलायचा आणि पुढे जायचे, असे काम झाले. उतारात सळया रोवणे, भेगांत सिमेंट भरणे, पृष्ठभागावर काँक्रीटचा फवारा मारणे, हे उपाय वैभववाडीनंतर कोकणातल्या कटिंगांवर केलेल्याच जातीचे. प्रमाण मात्र कितीतरी पटीने मोठे.

नदीपात्रापासून ३५९ मीटर उंची, १३१५ मीटर लांबी, कमानीचा गाळा ४६७ मीटर. खालून आधार देणे अशक्य, म्हणून दोन्ही काठांवर मनोरे उभारून त्यांच्यावर तारा ओढल्या आणि त्या तारांवरून पोलादी तुकडे एकेक करून दरीवर नेले. दोन्ही बाजूंनी कमान पुढे येत गेली आणि ५ एप्रिल २०२१ रोजी मधोमध जुळली. ताशी २६६ किलोमीटर वेगाचा वारा सोसेल, अशा हिशेबाने हा पूल बांधला आहे. शेजारी अंजी खड्डवर देशातला पहिला तारांवर तोललेला रेल्वेपूल उभा राहिला. त्याचा एकच मनोरा १९३ मीटरचा, तारा ९६. आणि कटऱ्याच्या अंगाला त्रिकुट डोंगराखालच्या सव्वातीन किलोमीटरच्या बोगद्याने पेडण्याची आठवण करून दिली. पाण्याने भरलेला, दाबाने आत येणारा चुरा आणि वर्षानुवर्षे अडलेले काम. शेवटी खणण्याआधीच पुढच्या मातीला आधार देत, पाण्याला वाट काढून देत तो पार झाला. ६ जून २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी चिनाब पुलाचे उद्घाटन केले आणि कटरा-श्रीनगर गाडी सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पावसाने महामार्ग बंद पडला, ट्रकांत सफरचंदे सडू लागली, तेव्हा बडगामहून पार्सल गाडीने ती दिल्लीला गेली. बागायतदाराला रेल्वे कशासाठी हवी होती, ते पहिल्याच हंगामात दिसले.

आता या संस्थेपुढे प्रश्न आहे तो तिच्या अस्तित्वाचाच. स्वतंत्र कंपनी असल्याने रेल्वेच्या अर्थसंकल्पातला थेट वाटा तिला मिळत नाही. सुरुवातीच्या कर्जाने आणि व्याजाने तिचे हात कायम बांधलेले राहिले. रोहा-वीर सोडला तर मार्ग आजही जवळपास सगळा एकेरी आहे. गणपतीत जादा गाड्या सुटल्या की प्रत्येक स्थानकात समोरच्या गाडीची वाट पाहत थांबावे लागते. म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी वाढली. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्या पाठोपाठ महाराष्ट्रानेही मे २०२५ मध्ये संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे या अटीसह.

विलीनीकरण व्हावे, असेच माझेही मत आहे. दुसरा रूळ आणि नव्या स्थानकांची सोय त्याशिवाय होणार नाही. पण नावाच्या अटीबरोबर आणखी तीन अटी लिहून घ्यायला हव्यात. कोणत्या कटिंगला कोणत्या पावसात काय झाले याच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी एका जागी आणि हाताशी राहाव्यात. भूसुरक्षेचा निधी वेगळा असावा, दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही असा. आणि पावसाळी गस्तीवरचा एकही माणूस कमी होऊ नये. त्यांच्या कटिंगा त्यांना पाठ आहेत, म्हणून त्यांची बदली देशात कुठेही करण्याच्या यादीत त्यांची नावे जाऊ नयेत. चार राज्यांचे खासदार दिल्लीत या विलीनीकरणासाठी बसतील तेव्हा दुपदरीकरणाच्या आकड्याआधी या तीन ओळी त्यांनी मसुद्यात घालाव्यात.